केस तेवढे काळे करा

१

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात भाऊंची पंचवीस वर्षं गेली. मग छापील फलक आले आणि हाताने अक्षर काढणाऱ्याला कोणी हिंग लावून विचारेना. पण रडत बसणाऱ्यांतले भाऊ नव्हते. त्यांनी कॉम्प्युटर घेतला, त्याला जोडायची चित्र काढायची पाटी आणि पेन घेतलं, आणि पन्नाशी उलटल्यावर कोणाची शिकवणी न लावता, शंभर चुका करून, त्या यंत्राला वळण लावलं. फोटो द्या, त्याचं रंगवलेलं चित्र घ्या, चौकटीसकट. धंदा पुन्हा उभा राहिला.

त्यांची सगळी भिस्त एका गोष्टीवर होती, ती म्हणजे मास्क. कोणी विचारलं की भाऊ हातातलं काम टाकून समजावत. चित्राचा एकेक भाग वेगळ्या थरावर काढायचा, काचेवर काच ठेवावी तसा. प्रत्येक थराला एक मास्क जोडायचा. मास्कवर जिथं पांढरं, तिथं तो थर दिसतो. जिथं काळं फासाल, तिथं तो झाकला जातो आणि खालचा थर दिसू लागतो. पुसलं काहीच जात नाही. पांढरा ब्रश फिरवला की झाकलेलं जसंच्या तसं परत.

यावर त्यांची एक ठरलेली गोष्ट असे. तीन भाऊ वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आले. थोरला म्हणे, बाबांना झुपकेदार मिशा होत्या. मधला म्हणे, छे, कोरलेल्या होत्या. धाकटा म्हणे, मी तर त्यांना मिशीत कधी पाहिलंच नाही. काउंटरवर हमरीतुमरी. भाऊंनी एकाच चेहऱ्यावर दोन थरांत दोन मिशा काढल्या, त्यांना मास्क लावले, आणि ज्याला जो बाप हवा तो त्याला छापून दिला. तिघे हसत गेले.

"मास्कने भांडण मिटतं," भाऊ म्हणत.

"घरातलं मिटवा मग कधीतरी," मागच्या दारातून वहिनींचा आवाज येई. भाऊंच्या बायकोला सगळी पेठ वहिनी म्हणायची. दुकानाच्या मागेच घर, मध्ये एक दार, आणि त्या दारातून दिवसभर टोमण्यांची ये-जा.

एक चूक मात्र या कामात सगळेच करतात. यादीत प्रत्येक थरासमोर दोन बारक्या चौकटी असतात. डावीकडे चित्र, उजवीकडे त्याचा मास्क. ज्या चौकटीवर शेवटचं टेकवलं असेल, तिच्यावर ब्रश चालतो. माणूस चित्रात काळा रंग भरायला जातो, आणि निवडलेला असतो मास्क. रंग राहतो बाजूला, चित्राला भोक पडतं. सुरुवातीला भाऊंनी अशी भोकं इतकी पाडली होती, की वहिनी त्यांना चाळणीवाले म्हणत.

२

लेकीचा फोन आला. ती लांबच्या शहरात होती, तिनं नवीन घर घेतलं होतं.

"बाबा, जगाच्या आयांची चित्रं काढता. माझ्या आईचं एक तरी काढलंत का?"

भाऊ ओशाळले. गुरुवारी ती दोन दिवसांसाठी येणार होती. तोवर चित्र तयार, हा वादा.

वहिनींचा फोटो भाऊंनी स्वयंपाकघरात काढला, खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवून. आधी खालच्या थरावर नुसती खोली रंगवली. खिडकी, भिंत, रिकामी खुर्ची, खुर्चीच्या पाठीच्या तीन उभ्या पट्ट्या. मग वरच्या थरावर वहिनी. मांडीवर हात, नजर समोर, पांढरे केस मागे बांधलेले. एकूण थर दोन. भाऊंच्या हातून इतकं चांगलं काम फार दिवसांत झालं नव्हतं.

सोमवारी दुपारी त्यांनी वहिनींना बोलावलं.

"अगंबाई! ही मी की माझी आई?"

"जे आहे ते काढलं."

"आहे ते आरशात बघतेच की रोज. लेकीच्या भिंतीवर तरी जरा बरी दिसू द्या. केस तेवढे काळे करा."

"फसवणूक होईल ती."

"बापाला दोन-दोन मिशा लावताना कुठं गेली होती फसवणूक?"

भाऊ कॉम्प्युटरकडे वळले. त्यांनी काळा रंग घेतला, ब्रश मऊ केला आणि वहिनींच्या देखत केसांवरून सात-आठ वेळा फिरवला. केस काळे झाले. नुसते काळे नाही, दाट, तुकतुकीत, भांगाजवळ एखाद-दुसरा केस सुटलेला. भाऊंना वाटलं, आज आपला हात भलताच चाललाय.

"आता कसं!" वहिनी म्हणाल्या आणि खूश होऊन आत गेल्या.

फाइल साठवताना भाऊंची नजर यादीवर गेली. उजवीकडची चौकट निवडलेली होती. तिच्यात, पांढऱ्यावर, केसांच्या आकाराचा काळा फराटा. डावीकडच्या चौकटीतले केस अजून पांढरेच होते.

जुनीच चूक. त्यांनी रंग मास्कवर फिरवला होता. मग केसांच्या जागी भोक पडायला हवं होतं, आणि भोकातून खुर्चीच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या. पट्ट्या तीन. त्यांनी स्वतः काढलेल्या.

भाऊंनी चष्मा पुसला. वहिनींचा थर पूर्ण बंद करून पाहिला. पडद्यावर खोली आली. खिडकी, भिंत, खुर्ची. खुर्ची रिकामी, पट्ट्या तीन. थर पुन्हा चालू केला. वहिनींचा चेहरा आला, आणि त्याच्यावर ते काळेभोर केस.

थर बंद केला की कोणी नाही. भोकातून पाहिलं की केस.

३

"मेमरी भरली असेल, भाऊ," कॉम्प्युटर दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. "एकदा बंद करून चालू करा."

केलं. केस होते तिथंच होते.

"मग आधीचं कुठलंतरी चित्र आत अडकलं असेल. होतं तसं. मशीनचंही वय झालं आता, तुमच्यासारखंच." तो हसला आणि फोन ठेवून दिला.

भाऊंना ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. आजवर शेकडो बायकांची चित्रं या यंत्रातून गेली होती, त्यांतल्याच कोणाचे तरी केस असतील. यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली. थर दोन. पुन्हा पाहिली. दोनच.

इथं त्यांनी ते काम बंद करायला हवं होतं. पण व्यापारी माणसाला बंद पोतं बघवत नाही, कोपरा उसवून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्याचा हात राहत नाही. भाऊंनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, या वेळी जाणूनबुजून उजवीकडची चौकट निवडली, आणि वहिनींच्या डाव्या कानावर काळा रंग लावायला सुरुवात केली.

वहिनींचा कान गेला. त्याच्या जागी कान आला.

भाऊंनी चित्र मोठं केलं. वहिनींच्या कानात सोन्याची बारकी फुली असे. या कानात काही नव्हतं. पाळी कोरी, टोचल्याची खूणसुद्धा नाही. त्यांनी ब्रश थोडा खाली नेला. मानेचा एक पट्टा उघडा पडला. तिथली शीर ताणलेली होती, मान वळवल्यावर ताणली जाते तशी. वहिनी चित्रात समोर बघत होत्या. जिची ही मान होती, ती समोर बघत नव्हती.

ती भाऊ बसत त्या बाजूला बघत होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. काउंटरवर कोणीतरी चौकटीचा भाव विचारत उभं होतं. उठता उठता त्यांच्या बोटांनी सवयीने फाइल साठवली. गिऱ्हाईक गेल्यावर ते पुन्हा मागे गेलेच नाहीत. पुढेच बसून राहिले आणि दुकान बंद होईपर्यंत, आधीच चकचकीत असलेल्या काचा पुसत राहिले.

४

मंगळवारी सकाळी भाऊ चहाला बसले आणि वहिनींनी कप पुढे केला. भाऊंनी वर पाहिलं.

केस काळे होते.

"रंग कधी लावलास?"

"कसला रंग?"

"केसांना."

"कायतरीच! तुम्हीच नाही का केलेत काळे?" वहिनी हसल्या. भाऊही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. चहा संपवून ते न्हाणीघरात गेले. कुठं रंगाची बाटली नाही, टॉवेलवर डाग नाही, वास नाही. लेक येणार म्हणून लावला असेल शेजारणीकडे जाऊन, आता आपली गंमत करते आहे. यात न समजण्यासारखं काय आहे? ते मनाशी असं म्हणत बाहेर आले, आणि तेवढ्यात वहिनी ओट्याकडे वळल्या.

उजव्या कानात फुली होती. डाव्यात नव्हती.

"डावं कानातलं पडलं का गं?"

वहिनींनी कानाला हात लावला, काही आठवेना असा चेहरा केला. "डावं? डाव्यात मी कधी घातलंय?"

"म्हणजे एकाच कानात घालतेस?"

"मग? एकतीस वर्षांनी आज दिसलं वाटतं तुम्हाला! धन्य आहे."

भाऊ जवळ गेले. कानाचं भोक बुजलं की तिथं बारीक ठिपका राहतो. इथं ठिपका नव्हता. पाळी तान्ह्या मुलासारखी कोरी होती.

"काय बघताय असं?"

"काही नाही."

भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. फोटोत वहिनी उजवीकडून दिसत होत्या. चित्रासाठी काढलेला फोटो काम होताच नेहमीप्रमाणे पुसला होता. मग त्यांनी कपाटातले जुने फोटो काढले, जमिनीवर पसरले. समुद्रावरचा, लेकीच्या शाळेतला, शेजाऱ्यांच्या लग्नातला. कुठं केसांची बट कानावर, कुठं पदर, कुठं मान वळलेली. एकाही फोटोत डावा कान दिसेना. माणूस एकतीस वर्षं एका बाईसमोर बसून जेवतो, आणि तिचे दोन्ही कान टोचलेत की एक, हे त्याला शपथेवर सांगता येत नाही! भाऊंना स्वतःचीच लाज वाटली. आणि लाजेच्या खाली भीती.

कारण काल त्यांनी पाहिलेला कान हाच होता.

५

त्यांनी दुकानाचं शटर भर सकाळी अर्धं खाली ओढलं आणि कॉम्प्युटर लावला.

उपाय साधा होता. मास्क पूर्ण पांढरा करायचा. पांढरं केलं की वहिनी परत. ही गोष्ट त्यांनी शंभर जणांना शिकवली होती. ब्रश फिरवत बसायचीही गरज नाही. एक कळ दाबली की निवडलेला रंग मास्कभर पसरतो. यादीखाली दोन रंग एकमेकांवर ठेवलेले असतात, पांढरा आणि काळा. वरचा असेल तो लागतो.

घाईत भाऊंनी रंगाकडे पाहिलंच नाही. त्यांनी उजवीकडची चौकट निवडली आणि कळ दाबली. वरचा रंग कालचाच होता. काळा.

वहिनी गेल्या. डोक्यापासून पायापर्यंत, एका क्षणात.

आणि खुर्चीत ती होती.

भाऊंनी तिला किती वेळ पाहिलं? नंतर त्यांना वाटे, श्वास घ्यायलाही सुचलं नाही इतकाच वेळ. चेहरा त्यांना कधीच नीट आठवला नाही. आठवलं ते एवढंच, की ती टेकून बसलेली नव्हती. पुढे झुकली होती. दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवलेले, कोपरं बाहेर, टाचा उचललेल्या. बराच वेळ थांबलेल्या माणसाला नाव पुकारल्यावर तो उठतो, तशी.

त्यांनी मागे घेण्याची कळ बडवली. मग रंग अदलाबदल केला, तीनदा तपासला, पांढरा भरला. वहिनी परत आल्या. पांढरे केस, दोन्ही कान, समोर नजर. भाऊंनी मास्क निवडून काढून टाका म्हटलं. यंत्राने विचारलं, मास्क चित्रावर कायमचा लागू करायचा की टाकून द्यायचा? टाकून दे बाबा, टाकून दे. गेला मास्क. मग वहिनींचा थर बंद करून पाहिला. खोली, खिडकी, रिकामी खुर्ची. तीन पट्ट्या.

संपलं. भाऊंनी कपाळ पुसलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांना तहान लागल्याचं जाणवलं. त्यांनी थर पुन्हा चालू केला. वहिनी पडद्यावर शांत बसल्या होत्या.

मागचं दार उघडलं. पावलं आली, नेहमीचीच. पाण्याचा पेला टेबलावर ठेवला गेला. भाऊंनी मागितला नव्हता.

"अहो, ही कोण?"

भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही.

"मस्करी नको करूस."

"मस्करी कसली? गिऱ्हाईकाची आई आहे का? किती छान चेहरा आहे हो." आवाज वहिनींचाच होता, आणि त्यात खरीखुरी माया होती. "जरा दमल्यासारखी दिसते बिचारी."

भाऊ वळले. तिच्या दोन्ही कानांत आता काही नव्हतं.

"खुर्ची मात्र ओळखीची आहे," ती म्हणाली.

६

बुधवारभर भाऊ तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती काही वेगळी वागत होती असंही नाही. टोमणे मारत होती, काउंटरवर बसत होती, गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत होती. शेजारच्या चप्पलवाल्याला भाऊंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या हिचे केस तुला वेगळे वाटतात का रे?"

"वहिनींचे? पहिल्यापासून काळेच की," तो म्हणाला. "आपले बघा, भाऊ. आपल्या टकलाचं बघा."

आता सगळी आशा लेकीवर होती. पोटची पोर. तिला कोण फसवणार?

गुरुवारी सकाळी लेक आली. पिशव्या दारातच टाकून तिनं त्या बाईच्या गळ्यात हात टाकले. "आई! वाळलीस गं!" भाऊ बघत राहिले. मिठी जराही आखडली नाही. मग तिघं मागे कॉम्प्युटरपाशी गेली. भाऊंनी फाइल उघडली आणि पडद्याऐवजी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वा, बाबा! केवढं सुंदर काम!" ती म्हणाली. मग पुढे वाकली. "पण ही कोण?"

"नीट बघ."

"बघतेय की. चुकीची फाइल उघडलीत तुम्ही."

"हात बघ तिचा. हा डाग. तू दोन वर्षांची असताना गरम पाण्याचं भांडं ओढलंस, ते तिनं हातावर झेललं. तुझ्या अंगावर थेंब पडू दिला नाही. हा त्याचा डाग."

लेकीनं त्या बाईकडे पाहिलं. तिनं आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. स्वच्छ होते.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तुम्ही झोपता ना नीट?"

बोलून उपयोग नव्हता. एकतीस वर्षं त्यांच्यासोबत राहिलेली बाई आता कोणाच्या डोक्यात नव्हती, घरातल्या फोटोंतही आता हीच बाई होती. ती होती फक्त त्यांच्या आठवणीत, आणि या पडद्यावर एका थरावर. आठवणीचा भरवसा त्यांना मंगळवारपासून राहिला नव्हता.

"बरं, असं करा ना," लेक समजावणीच्या सुरात म्हणाली, "खोली झकास झालीय, ती राहू द्या. या बाईंना मास्कने झाका आणि त्या खुर्चीत आईला काढा. पुसायचं नाहीच, फक्त झाकायचं. तुम्हीच म्हणता ना, झाकलेलं कधीही परत आणता येतं?"

"येतं," भाऊ म्हणाले.

"मग? थोडं करून तरी दाखवा."

लेकीच्या डोळ्यांत काळजी दिसत होती, आणि आपल्या बापाला वेड लागलंय असं भाऊंना तिला वाटू द्यायचं नव्हतं. भाऊंनी नवा मास्क लावला. बाहीच्या अगदी कडेला, नखाएवढ्या जागेत, काळा टेकवला. बाहीचा तुकडा गेला. खाली खुर्चीचं लाकूड दिसलं. नुसतं लाकूड. खाली आता कोणी नव्हतं.

मग त्यांनी पांढरा ब्रश घेतला आणि तीच जागा परत रंगवली.

बाही परत आली नाही.

त्यांनी चौकट पाहिली. बरोबर होती. रंग पाहिला. पांढरा. मास्कवर काळ्याचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. तरी बाहीच्या जागी लाकूडच होतं. त्यांनी मागे घेण्याची कळ दाबली. पुन्हा दाबली. लाकूड.

भाऊंनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे पाटीवर पालथे टेकवले. आई पोराला झाकते तसे.

"नाही," ते म्हणाले. "ही अशीच राहील. याच्यावर आता कोणी हात चालवायचा नाही."

"बाबा, अहो..."

"राहू दे गं. दमलेत ते," मागून आवाज आला, समजूतदार, मऊ. भाऊंच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. त्यानं त्यांचे तळवे एकेक करून बाजूला केले, जोर न लावता, आणि तरी भाऊंना ते अडवता आले नाहीत. मग त्या हातानं पेन उचललं. घरातल्या कोणी आजवर त्या पेनाला स्पर्शही केला नव्हता. पण त्या बोटांनी ते सराईतासारखं धरलं, यादीत शोधाशोध न करता उजवीकडच्या चौकटीवर टेकवलं, खाली काळा निवडला.

"बघू तरी," ती लेकीला म्हणाली, "मी तिथं कशी दिसते."

आणि तिनं ब्रश मोठा केला.